‘लूत’ : एक शब्द व एक रोग

श्रीगोंदे तालुक्यातील काष्टी हे गाव जनावरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. या भागात मेंढरांमागे चालणाऱ्या कुत्र्याचे केस झडून तो अंग खाजवू लागला की त्यास ‘लूत लागली’ असे म्हणतात. हा शब्द संस्कृत ‘लूता’, म्हणजे कोळी, यापासून आला. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात लूतांचे सोळा प्रकार दिले असून त्यांच्या विषाने त्वचाविकार होतात, असे तेथे मानले आहे. इटलीत बोनोमोने खरजेचा सूक्ष्म किडा १६८७ साली वर्णिला. पण वैद्यांची खात्री पटण्यास १८३४ साल उजाडावे लागले. हा किडा अष्टपाद, कोळ्याच्याच वर्गातला! तथापि प्राचीनांना तो दिसला होता, असे म्हणणे धाडसाचे होईल. हे साम्य योगायोगाचेच मानावे.

या नावाने एक घोटाळाही होतो. पिसवांमुळे उठणारी खाजही लूतच समजली जाते आणि तिला गंधक चोपडले जाते. गंधकाने लुतीचे किडे मरतात, म्हणून हा उपाय पोकळ नव्हे. पिसवांच्या खाजेवर मात्र पिसवाच घालविल्या पाहिजेत. त्वचा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे हा निदानाचा मार्ग होय. परंतु त्वचेत बिळे करून राहणारा हा किडा अनेकदा हाती लागत नाही, आणि तेवढ्यावरून लूत नाही असे ठरत नाही.