मुंबई–गोवा : हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळापासून दाबोळीपर्यंतचे सरळ हवाई अंतर सुमारे ४२५ किलोमीटर आहे. जानेवारी २०२३ पासून प्रवासी वाहतूक सुरू झालेला मोपाचा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ पेडणे तालुक्यात, म्हणजे उत्तरेकडे असल्याने तेथवरचे अंतर सुमारे ३८५ किलोमीटर भरते.

विमान मात्र सरळ रेषेत जात नाही. मुंबईची मुख्य धावपट्टी पूर्व-पश्चिम असल्याने उड्डाणानंतर दक्षिणेकडे वळावे लागते. गोव्यात उतरतानाही वळसा पडतो. त्यामुळे विमान पाऊण ते एक तास हवेत असते. वेळापत्रकात साधारण सव्वा तास दिसतो, कारण धावपट्टीपर्यंत जाण्याचा आणि रांगेत थांबण्याचा वेळही त्यात धरलेला असतो.

दोन विमानतळांमधला चाळीस किलोमीटरांचा फरक आकाशात तीन-चार मिनिटांचा. जमिनीवरचा हिशेब वेगळा आहे. पेडणेकरांना मोपा दाराशी. काणकोणहून मात्र मडगाव, पणजी, म्हापसा मागे टाकत जवळपास शंभर किलोमीटर जावे लागते. मुंबई गाठण्यास हवेत लागतो त्याहून अधिक वेळ गोव्यातल्या गोव्यातच जातो, टॅक्सीचे भाडे निराळेच. शिवाय बहुतेक कंपन्यांची चेक-इन खिडकी उड्डाणाच्या तासभर आधी बंद होते.

तिकीट काढताना म्हणूनच केवळ ‘गोवा’ हे नाव पाहून भागत नाही. दाबोळीचा संकेत ‘जीओआय’, तर मोपाचा ‘जीओएक्स’ असा आहे.