देवासच्या घरातली दुसरी गायिका

कुमार गंधर्वांच्या आजारपणाची गोष्ट आपल्या माळव्यातल्या मराठी घरांतून पुष्कळदा सांगितली जाते. क्षय, देवासचा मुक्काम, अंथरुणावर पडल्यापडल्या कानांवर आलेली लोकगीते आणि शेवटी पुनरागमन, असा तिचा क्रम ठरलेला आहे. त्या काळात घर कोण चालवीत होते, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही.

भानुमती कंस स्वतः गाणाऱ्या होत्या. मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांच्या संगीत विद्यालयात त्यांची आणि कुमारजींची ओळख झाली. १९४७ साली लग्न झाले आणि त्याच सुमारास कुमारजींना क्षयाने गाठले. बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेला, लहानपणीच नाव झालेला हा गवई तेव्हा अवघा तेवीस वर्षांचा होता. डॉक्टरांनी गायला मनाई केली. कोरड्या हवेसाठी १९४८ च्या जानेवारीत दोघे देवासला आले.

गवयाचे गाणे थांबले की मिळकतही थांबते. भानुमतीबाईंनी देवासमध्ये शाळेत नोकरी धरली. दिवसा शाळा, आणि तिच्या आधी नि नंतर औषधपाणी, पथ्य, शुश्रूषा. क्षयरोग्याच्या भांड्याला हात लावायलाही लोक कचरत, असा तो काळ. इंदूरच्या रामूभैया दात्यांसारखे रसिक पाठीशी होते खरे. पण रोजचा संसार दुसऱ्या कोणाला ओढता येत नाही. रियाजाला वेळ कुठला? आणि मिळाला तरी, गायला बंदी असलेला गवई पलंगावर असताना शेजारच्या खोलीत आपण सूर लावायचा, हे किती जड गेले असेल!

अशा वेळी आपण ‘त्याग’ म्हणून मोकळे होतो. मला तो शब्द अपुरा वाटतो. त्यांनी नवरा वाचवला तसा गवईही वाचवला, आणि असा गवई वाचण्याचे मोल गाणाऱ्यालाच नीट कळते. कुमारजींचे गाणे ही त्यांचीही ओढ असणारच. तरी त्यांचे स्वतःचे गाणे मागे पडले, ही वजाबाकी खोडता येत नाही.

१९५२ च्या सुमारास स्ट्रेप्टोमायसिन मिळाले आणि १९५३ मध्ये कुमारजी पुन्हा मैफलीत गायले. १९५६ साली मुकुलचा जन्म झाला. १९६१ मध्ये धाकट्या यशोवर्धनच्या जन्माच्या वेळी भानुमतीबाई गेल्या. पुनरागमनानंतरची जेमतेम आठ वर्षे त्यांच्या वाट्याला आली. टेकडीखालच्या घराचे नाव ‘भानुकुल’ आहे, एवढी त्यांची खूण गावात उरली.

पुढे देवधरांकडेच शिकलेल्या वसुंधरा श्रीखंडे या घरात आल्या. मुले, पाहुणे, शिष्य सांभाळून त्या कुमारजींच्या मागे तानपुऱ्यावर बसल्या, त्यांच्या सुरात सूर मिसळून गायल्या. त्यांचे स्वतंत्र गाणे रसिकांनी मुख्यतः ऐकले ते १९९२ मध्ये कुमारजी गेल्यानंतर. २००६ साली त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा त्या पंचाहत्तरीच्या घरात होत्या.