रुळाचा तुकडा



लातूर जिल्ह्यातल्या ज्या शाळेत मी इतिहास शिकवला, तिथे पितळी घंटा नव्हती. कडुनिंबाच्या फांदीला तारेने टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा होता. शिपाई त्यावर हातोडी मारायचा आणि शाळा भरायची. माझ्या नोकरीचे सगळे तास त्या भंगारानेच मोजले म्हणा ना!

तो तुकडा परवा आठवला त्याला कारण घडलं. एका जुन्या विद्यार्थ्याचे वडील नांदेडला घरी आले. विद्यार्थी कसला, आता शेहेचाळीस वर्षांचा बाप्या आहे तो. एका मिलमध्ये फिटर होता. मिल बंद पडली. दुसरी नोकरी शोधायची सोडून हा गडी भंगाराच्या दुकानातून फ्रीव्हील, बेअरिंग, नांगराचे मोडके फाळ आणतो. त्यांना वेल्डिंग करून मोर, बगळे बनवतो आणि लोकांच्या बागेत ठेवायला विकतो.

"सर, तुमचं ऐकतंय ते. जरा समजून सांगा," वडील काकुळतीने म्हणाले.

आता पंचाईत अशी, की हाच मुलगा नववीत वहीच्या मागच्या पानांवर बैल काढायचा, आणि मीच भर वर्गात त्याला म्हणालो होतो, "अरे, चित्रांनी पोट भरत नसतं." तेव्हा सगळा वर्ग हसला होता. त्यामुळे वडिलांना लगेच 'हो' म्हणवेना. चार दिवसांची मुदत मागितली. इतिहासाचा मास्तर दुसरं काय करणार? पन्नाशीच्या आसपास अशी उडी आधी कुणी घेतली होती का, ते शोधत बसलो.

पहिला सापडला तो पार स्पेनचा. खुलिओ गोंझालेझ, जन्म १८७६, बार्सिलोना. घरचाच धंदा धातुकामाचा. पुढे पॅरिसला गेला. १९१८ मध्ये रेनॉ मोटारींच्या कारखान्यात काम करताना गॅस वेल्डिंग शिकला. दहा वर्षांनी पिकासोला लोखंडाची शिल्पं करायची होती, पण लोखंड जोडता येत नव्हतं. त्याने गोंझालेझला हाताशी धरलं. त्याला मदत करता करता पन्नाशी ओलांडलेला हा कारागीर स्वतःच मोठा शिल्पकार झाला. १९४२ मध्ये गोंझालेझ वारला. त्याच वर्षी पिकासोने सायकलचं सीट आणि हँडल जोडून बैलाचं डोकं केलं. सीट म्हणजे तोंड, हँडल म्हणजे शिंगं. बस्स, एवढंच!

दुसरा आपल्या मुंबईचा, आदी दावियरवाला (१९२२–१९७५). शिक्षणाने औषधांच्या क्षेत्रातला रसायनतज्ज्ञ. शिल्पकलेची रीतसर पदवी नाही. ज्येष्ठ शिल्पकार ना. ग. पानसरे यांचं मार्गदर्शन मिळालं, बाकी सगळं स्वतःच शिकला. आधी लाकूड, मग दगड, आणि पुढे पोलाद व भंगार धातू. आधुनिक भारतीय शिल्पकलेत आज त्याचं नाव आदराने घेतात.

तिसरा मात्र मी डोळ्यांनी पाहिलेला. म्हणजे त्याचं काम पाहिलेलं. २००९ मध्ये आम्ही नवरा-बायको नांदेडहून सचखंड एक्सप्रेसने अमृतसरला गेलो होतो. परतताना अंबाल्याला उतरून चंडीगड केलं आणि तिथलं रॉक गार्डन पाहिलं.

ते करणारे नेकचंद हे सरकारी बांधकाम खात्यातले साधे रस्ते निरीक्षक. जन्म १९२४ चा, आता पाकिस्तानात असलेल्या शकरगढ भागातल्या खेड्यातला. फाळणीत गाव सुटलं. चंडीगड उभं राहत होतं, तिथे नोकरी लागली. त्या आखीव-रेखीव शहरासाठी जुनी खेडी पाडली जात होती. फुटक्या बांगड्या, कपबश्या, मडकी, मोडक्या सायकली असा सगळा कचरा नेकचंद सायकलवरून गोळा करत. १९५८ च्या सुमारास त्यांनी सरकारी राखीव जंगलात, कुणाला न सांगता बाग रचायला घेतली. दिवसा नोकरी, रात्री बाग. सायकलचं सीट म्हणजे जनावराचं डोकं, पुढचा चिमटा म्हणजे पाय! पिकासोचा बैल या माणसाने पाहिला असेल असं मला वाटत नाही.

सत्तरच्या दशकात अधिकाऱ्यांना पत्ता लागला. कायद्याने बाग पाडायलाच हवी होती. पण लोकांनी ती उचलून धरली. १९७६ मध्ये बाग सर्वांना खुली झाली, आणि नेकचंदांना पगार व हाताखाली मजूर देऊन तिथेच नेमलं. १९८४ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१५ मध्ये, नव्वदाव्या वर्षी ते गेले.

फुटक्या बांगड्यांचे झगे घातलेल्या त्या पुतळ्यांपुढे आमची ही बराच वेळ उभी होती. शेवटी एवढंच म्हणाली, "किल्लारीला अशाच पडल्या होत्या." ३० सप्टेंबर १९९३ नंतरचे ते ढिगारे आम्ही दोघांनी पाहिलेले. मोडलेल्या गावातलं उचलून कुणी पुन्हा उभं करतं, याचं मोल आम्हाला कुणी समजावून सांगायला नको होतं.

असो. तर चार दिवसांनी मी लातूरची एसटी धरली. तिघांच्या चरित्रांतून मला दोन गोष्टी दिसल्या होत्या. एक, जुना धंदा वाया गेला नव्हता. गोंझालेझचं वेल्डिंग कारखान्यातलंच, आणि नेकचंदांना माल दिसला तो रस्त्यांवरच्या कामामुळेच. दुसरी गोष्ट वडिलांच्या बाजूची. नेकचंदांचा पगार त्या सगळ्या वर्षांत चालू होता. आमच्या गड्याचा बंद आहे.

म्हणून त्याला म्हटलं, "मोर सोडू नकोस. पण सकाळी गेट-ग्रीलची कामं घे. वेल्डिंग तेच, हात तेच. संध्याकाळी मोर." आणि नववीतलं ते वाक्य मी परत घेतलं, त्याच्या वडिलांच्या देखत. तो काही बोलला नाही. ग्राइंडर बंद करून म्हणाला, "सर, चहा घेता ना?"

शेडमध्ये साखळ्यांचा पिसारा असलेला एक मोर होता, अजून रंग न दिलेला. त्याला गिऱ्हाईक मिळेल की नाही, मला सांगता येणार नाही. पण आपल्या भागात भंगार नवं नाही. घिसाडी गाडीच्या जुन्या पाट्यांची खुरपी करून देत, त्याला आपण कधी वेडेपणा म्हटलं नाही. रुळाचा तुकडा झाडाला टांगला, त्यालाही नाही. नोकरी गेलेल्या माणसाने तेच केलं की मात्र आपला जीव घाबरतो.

तुमच्या ओळखीत कुणी असं उतारवयाच्या वाटेवर नवं काम धरलं असेल, तर जरूर कळवा. त्या गड्याला वाचून दाखवीन.