अश्मरी, आहार आणि जड पाणी : एका समजुतीचा इतिहास

कोल्हापूरच्या वायव्येस असलेला वाडी रत्नागिरीचा डोंगर जोतिबाचे स्थान म्हणून सर्वपरिचित आहे. चैत्र पौर्णिमेस ऐन उन्हात सासनकाठ्या घेऊन लाखो भाविक तो चढतात. हा प्रदेश दख्खनच्या काळ्या पाषाणाचा असून अशा खडकातून झिरपणाऱ्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार उतरतात. अशा 'जड' पाण्याने मुतखडा होतो, ही समजूत आपल्याकडे सार्वत्रिक आहे. खडा झालेल्या व्यक्तीचे दूध घरातूनच बंद केले जाते, त्यामागेही हाच तर्क असतो : शरीरात चुना वाढला, म्हणून खडा झाला. प्रस्तुत लेखात हा तर्क इतिहासाच्या कसोटीवर तपासावयाचा आहे.

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात अश्मरीचे चार प्रकार सांगितले असून त्यांत शुक्राश्मरीचाही समावेश आहे. खडा कसा बनतो हे सांगताना सुश्रुत नव्या घटाचा दृष्टांत देतो. घटात भरलेले पाणी स्वच्छ असले, तरी कालांतराने तळाशी गाळ साचतोच. येथे दोष एखाद्या द्रव्याचा नसून साचण्याच्या प्रक्रियेचा आहे, हे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. औषधांनी गुण न आल्यास शस्त्रकर्म सांगितले आहे. मात्र ते न केल्यास मृत्यू निश्चित आणि केल्यास यश संशयित, म्हणून वैद्याने आधी राजाची अनुज्ञा घ्यावी, असा दंडक आहे. आजच्या संमतिपत्राची आठवण व्हावी असाच हा भाग आहे. हा रोग विशेषतः बालकांना होतो, हे निरीक्षणही त्याच ग्रंथात आढळते.

ते निरीक्षण एकोणिसाव्या शतकातही खरे होते. बॉस्टनच्या बिगेलो यांनी 1878 मध्ये मूत्राशयातील खडा आतच फोडून धुऊन काढण्याची पद्धत प्रसिद्ध केली. लहान मुलांवर ती वापरता येणार नाही, असा तेव्हाचा समज होता. होळकरांच्या इंदुरातील रेसिडेन्सी सर्जन कीगन यांनी 1880 च्या दशकात तो खोटा ठरविला. त्यांना हे सिद्ध करता आले, कारण खड्याने पिडलेली मुले त्यांच्याकडे मोठ्या संख्येने येत होती.

ही मुले कोणत्या घरांतली होती, हा प्रश्न पुढे कुन्नूर येथे मॅककॅरिसन यांनी अप्रत्यक्षपणे हाताळला. त्यांचे 1931 चे व्याख्यान भारतातील खड्याच्या कारणांवरच आहे. मुख्यतः धान्यावर पोसलेल्या, 'अ' जीवनसत्त्वाची उणीव असलेल्या उंदरांना खडे झाले. आहारात दूध घालताच त्यांना संरक्षण मिळाले. थायलंडच्या उबोन प्रांतात 1960 च्या दशकात झालेल्या संशोधनातही याला दुजोरा मिळाला. तेथे भातावर वाढणाऱ्या बालकांच्या आहारात फॉस्फेट कमी होते आणि ते पुरविल्यावर लघवीतील स्फटिक घटले. म्हणजे बालकांचा मूत्राशयातील खडा हा खनिजांच्या अतिरेकाचा नव्हे, तर दारिद्र्याचा व उणिवेचा रोग होता. आहार सुधारला तसा तो मागे हटला, आणि प्रौढांच्या मूत्रपिंडातील खडा पुढे आला.

या दुसऱ्या खड्यात बहुधा कॅल्शियम ऑक्सलेट असते. त्यामुळे 'चुना' दोषी, हा तर्क येथे तरी खरा ठरावा, असे वाटते. प्रत्यक्षात आहारातील कॅल्शियम आतड्यातच ऑक्सलेटला बांधून ठेवते. ते कमी केल्यास अधिक ऑक्सलेट रक्तात शोषले जाऊन लघवीत उतरते. कर्हन व सहकाऱ्यांनी 1993 मध्ये 45 हजारांहून अधिक पुरुषांच्या पाहणीतून दाखवून दिले, की आहारात कॅल्शियम अधिक घेणाऱ्यांत खड्याचे प्रमाण कमी होते. बोर्गी यांच्या 2002 च्या इटलीतील चाचणीत कॅल्शियम तोडलेल्या 60 पैकी 23 जणांना पाच वर्षांत पुन्हा खडा झाला. कॅल्शियम नेहमीइतके ठेवून मीठ व मांसाहार कमी केलेल्या 60 पैकी केवळ 12 जणांना. खड्याच्या भीतीने दूध सोडणाऱ्या प्रौढ स्त्रीची हाडे मात्र त्याची किंमत मोजतात, आणि ती कोणत्याही मुतखड्याच्या नोंदीत दिसत नाही.

कुळथाचे कढण कोल्हापूर भागात आजही खड्यावर दिले जाते. त्याच्या गुणाविषयी वाद असू शकेल, पण त्यानिमित्ताने पोटात पाणी जाते, हा लाभ नाकारता येत नाही. बोर्गी यांनीच 1996 मध्ये सिद्ध केले होते, की दररोज दोन लिटर लघवी होईल इतके पाणी पिणाऱ्यांत पाच वर्षांतील पुनरावृत्ती 27 टक्क्यांवरून 12 टक्क्यांवर आली. चैत्रातल्या उन्हात घाम गाळीत डोंगर चढणाऱ्या यात्रेकरूला भय आहे ते याच बाजूने. खडकातून आलेले पाणी जड आहे म्हणून तो ते पिण्याचे टाळतो, आणि सुश्रुताच्या घटातील गाळ तेवढ्याने अधिक दाट होतो.