केसाएवढ्या काचतंतूतून पेशींपर्यंत

“डॉक्टर, दुर्बीण पोटात घातलीच आहे, तर त्यातच कळणार नाही का? तुकडा कशाला काढायचा?” बायोप्सी म्हटली की हा प्रश्न हमखास येतो. नेहमीच्या दुर्बिणीतून आतला पृष्ठभाग दिसतो. एकेक पेशी तपासायला सूक्ष्मदर्शक लागतो. मग सूक्ष्मदर्शकच जिवंत शरीरात का नेऊ नये? या प्रयत्नांचा इतिहास जाणून घेण्यासारखा आहे.

१९३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रबंधात मारिया ग्योपर्ट-मायर यांनी गणिताने दाखवले की, कमी ऊर्जेचे दोन प्रकाशकण एकाच क्षणी रेणूवर आदळले तर ते एका जास्त ऊर्जेच्या कणाचे काम करतात. म्हणजे ऊतींत खोलवर जाणारा अवरक्त प्रकाश वापरूनही पेशींतला रंग उजळवता येईल. पण दोन कणांची अशी गाठ पडणे दुर्मीळ. त्यासाठी प्रकाश अत्यंत छोट्या, दाट स्पंदांत सोडावा लागतो. असे स्पंद देणारे लेसर आल्यावर १९९० मध्ये अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात डेंक, स्ट्रिकलर आणि वेब यांनी हे तत्त्व सूक्ष्मदर्शकात उतरवले. एक स्पंद साधारण १०० फेमटोसेकंदांचा असतो. सेकंदाचे दहा कोटी कोटी भाग केले, तर त्यातला एक म्हणजे फेमटोसेकंद!

अडचण अशी की लेसर टेबलभर जागा घेई आणि प्राण्याला भिंगाखाली स्थिर ठेवावे लागे. प्रकाश लवचिक काचतंतूतून नेला तर? पण इथे काच आडवी आली. इतक्या छोट्या स्पंदात अनेक रंगछटा असतात आणि काचेत तांबड्या छटा पुढे जातात, निळ्या मागे पडतात. गड चढायला एकत्र निघालेला घोळका वाटेत पांगावा, तसा स्पंद पसरतो. तो दुप्पट लांबला की प्रतिमेची चमक साधारण निम्मी होते. शक्ती वाढवावी, तर तीव्र प्रकाशामुळे काचेतच स्पंद बिघडतो.

उपायही घोळक्यासारखाच: हळू चालणाऱ्यांना आधी सोडायचे, म्हणजे सगळे एकदम पोहोचतात! २००१ मध्ये हेल्मशेन आणि सहकाऱ्यांनी काचतंतू जोडलेला अवघा २५ ग्रॅमचा सूक्ष्मदर्शक मोकळ्या फिरणाऱ्या उंदराच्या डोक्यावर बसवून मेंदूच्या आतले दृश्य टिपले. दुसरी वाट पोकळ तंतूंची. ब्रिटनमधील बाथ विद्यापीठात फिलिप रसेल यांच्या गटाने १९९९ मध्ये असा तंतू दाखवला, ज्यात प्रकाश काचेऐवजी मधल्या पोकळीतून धावतो. काचच नाही, तर बिघाडही फार थोडा.

संशोधन अजून सुरू आहे. मात्र रोजच्या निदानात बायोप्सीची जागा या तंत्राने घेतलेली नाही. त्यामुळे तुमच्या डॉक्टरांनी तुकडा तपासायला सांगितला, तर शंका जरूर विचारा; पण भीतीपोटी तपासणी टाळू नका.