लाकडी नक्षीकामाचे रंगकाम (नागपूर)

लाकडी नक्षीकामाचे रंगकाम म्हणजे घरातील चौकटी, खांब, तुळया, महिरपी, हस्त, कांगोरे, कठडे इत्यादी शोभिवंत भागांवर तेल, पॉलिश किंवा रंगाचा थर देणे. या कामाचे उद्देश दोन असतात. एक, लाकडाचे ओल, ऊन व किडीपासून रक्षण करणे. दुसरा, कोरीव आकृतीचे उठाव स्पष्ट ठेवणे. थर जाड झाल्यास दुसरा उद्देश विफल होतो. त्यामुळे भिंतीच्या रंगकामापेक्षा हे काम वेगळे मानले जाते.

पार्श्वभूमी
नागपूर ही भोसल्यांची राजधानी होती. त्यांचा राजवाडा काळ्या बेसाल्ट दगडाचा असून त्यावर विपुल लाकडी कोरीवकाम होते. इ.स. १८६४ मध्ये तो आगीत नष्ट झाला व मुख्यतः नगारखान्याचे प्रवेशद्वार उरले. महाल परिसरातील जुन्या वाड्यांतही कोरीव लाकूडकाम आढळते. विदर्भाच्या पूर्व भागातील सागवान, विशेषतः गडचिरोली जिल्ह्यातील आलापल्लीचे सागवान, टिकाऊपणासाठी प्रसिद्ध आहे. नव्या घरांत लाकडी कांगोऱ्यांची जागा बहुधा प्लास्टर ऑफ पॅरिसच्या पट्ट्यांनी घेतली आहे.

साहित्य
पारंपरिक साहित्यात जवसाचे उकळलेले तेल (बेलतेल) आणि स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडी लाख यांचा समावेश होतो. बेलतेल लाकडात मुरते व हवेतील प्राणवायूशी संयोग पावून घट्ट होते. लाखेचे पॉलिश पृष्ठभागावर पातळ, चकचकीत पापुद्रा तयार करते. या दोहोंत लाकडाच्या रेषा दिसत राहतात. तैलरंग व इनॅमल मात्र त्या झाकून टाकतात.

कार्यपद्धती
प्रथम धूळ व जुने मेण काढले जाते. खाचांतील मळासाठी मऊ ब्रश वापरतात. भेगांमध्ये लांबी भरून ती वाळल्यावर लाकडाच्या रेषांच्या दिशेने पॉलिशपेपर फिरवतात. सागवानात नैसर्गिक तेल असल्याने थर देण्यापूर्वी पृष्ठभाग थिनरने पुसणे इष्ट असते. रंग द्यायचा असल्यास आधी अस्तर लावतात. त्यानंतर रंगाचे जाड एक हात देण्याऐवजी पातळ दोन हात दिले जातात. खाचेत साचलेला रंग ओला असतानाच कोरड्या ब्रशने टिपून घेतात. तो तसाच वाळल्यास पानाफुलांच्या कडा बोथट होतात.

हवामानाचा परिणाम
नागपुरात मे महिन्यात कमाल तापमान ४५ अंश सेल्सियसपलीकडे जाऊ शकते. अशा उष्णतेत थिनर लवकर उडून जातो व ब्रशचे ओरखडे राहतात. पावसाळ्यात दमट हवेमुळे लाखेच्या पॉलिशवर पांढुरकी झाक येते, तसेच लाकूड फुगते. त्यामुळे पावसाळा संपल्यानंतरचा कोरडा, सौम्य काळ सोयीचा ठरतो. दिवाळीपूर्वी घर रंगवण्याच्या प्रथेशीही तो जुळतो.

सुरक्षितता
जुन्या तैलरंगांत शिसे असू शकते. कोरडे घासल्यास त्याची धूळ श्वासावाटे व हातांवाटे शरीरात जाते. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस ती विशेष घातक असते. भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती व सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्षांश ९० भागांपेक्षा अधिक असण्यास मनाई आहे. मात्र त्याआधीचे थर घरांत कायम आहेत. असे थर ओले करून काढणे, मुखपट्टी वापरणे, मुले व गर्भवती स्त्रियांना दूर ठेवणे आणि खरवड गोळा करून बंद पिशवीत भरणे आवश्यक असते.

बेलतेलात भिजलेली फडकी गोळा करून ठेवल्यास तेल सुकताना निर्माण होणाऱ्या उष्णतेने ती आपोआप पेट घेऊ शकतात. म्हणून ती पाण्यात बुडवून ठेवतात किंवा मोकळ्या जागी, सुटी पसरून वाळवतात.

जतन
जुन्या वाड्यांत कोरीवकामावर एकावर एक तैलरंगाचे हात दिल्याने मूळ नक्षी बुजते. कॉस्टिक सोड्याने असे थर झटपट निघतात, परंतु लाकूड काळवंडते व त्याचे तंतू सैल होतात. त्यामुळे दर्शनी नसलेल्या लहान भागावर आधी चाचणी घेऊन मगच पुढील काम केले जाते.