दहशत

‘दहशत’ हा शब्द मराठीत फारसीतून आला, मूळ अरबी. अरबीत ‘दहशा’ म्हणजे थक्क होणे, मती गुंग होणे. फारसीत त्यात भीती मिसळली आणि आपल्याकडे येईपर्यंत नुसती भीतीच उरली. दहशतवादासाठी आजच्या अरबीत वेगळाच शब्द आहे: ‘इरहाब’.

आता १९९६ मधले एक अमेरिकी लष्करी पुस्तक पाहा. हार्लन उलमन आणि जेम्स वेड यांनी त्यात ‘शॉक अँड ऑ’ हा सिद्धांत मांडला: तडाखा असा द्यायचा, की शत्रूची मतीच गुंग व्हावी. दाखला हिरोशिमाचा. मार्च २००३ मध्ये बगदादवर अमेरिकेचे बाँब पडले, ते याच नावाने. म्हणजे अमेरिकेने दहशतीविरुद्ध पुकारलेल्या युद्धाचे (‘वॉर ऑन टेरर’) तंत्र, अस्सल अरबी अर्थाने, ‘दहशत’च होते!

तेव्हाचे अमेरिकी संरक्षण उपमंत्री पॉल वुल्फोवित्झ आदी निओकॉन, म्हणजे नवपरंपरावादी, मंडळींना इराकमध्ये लोकशाही रुजवायची होती. चढाईसाठी पुढे केलेल्या महासंहारक अस्त्रांचे साठे मात्र सापडलेच नाहीत. दहशत हे शेवटी एक हत्यार. युद्ध हत्याराशीच पुकारले, तर तह करायचा कोणाशी?